फिरंग्यांचे राज्य : मोरियापासून वसईपर्यंत

मराठीत ‘फिरंगी’ हा शब्द पोर्तुगीजांसाठी रूढ झाला आणि त्यांच्या ताब्यातील उत्तर कोकणाला ‘फिरंगाण’ म्हटले गेले, परंतु हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आलेला नसून तो त्यांच्याहून कितीतरी जुना आहे. त्याचे मूळ ‘फ्रँक’ या जर्मन कुळाच्या नावात असून, अकराव्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेम जिंकण्यासाठी पूर्वेकडे निघालेल्या पश्चिम युरोपीय योद्ध्यांना, ते फ्रेंच असोत, इटालियन असोत वा जर्मन असोत, अरबांनी ‘इफ्रंज’ व इराण्यांनी ‘फरंग’ असे सरसकट एकच नाव दिले आणि तेच नाव फारसीच्या वाटेने दख्खनेत पोहोचले. ग्रीक भाषेनेही हेच केले. तेराव्या शतकाच्या प्रारंभी आपल्या भूमीवर बसलेल्या पश्चिमी सरदारांच्या अमलाला ग्रीक इतिहासकार ‘फ्रँगोक्रातिया’ म्हणतात, ज्याचे मराठी भाषांतर ‘फिरंग्यांची सत्ता’ याखेरीज दुसरे होऊ शकत नाही. एकाच नावाने ओळखल्या गेलेल्या या दोन सत्तांमध्ये नावापलीकडेही काही नाते होते काय, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. आणि ते नाते पाहिल्याशिवाय वसईच्या दोनशे पाच वर्षांच्या पोर्तुगीज अमलाचे स्वरूप नीट कळत नाही, हे तिचे प्रतिपादन आहे.

ग्रीक भूमीवरील ही सत्ता एका विपर्यासातून जन्माला आली. चौथी धर्मयात्रा, म्हणजे पोपच्या आवाहनावरून मुस्लिम सत्तांविरुद्ध निघालेली सशस्त्र मोहीम, ठरल्या मार्गाने न जाता व्हेनिसचे कर्ज आणि बायझंटाईन राजघराण्यातील भाऊबंदकी यांत गुंतत गेली आणि एप्रिल १२०४ मध्ये तिने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती जगातील सर्वांत वैभवशाली नगरच लुटले. फ्लँडर्सचा बाल्डविन तेथे सम्राट झाला. व्हेनिसने बेटे व बंदरे उचलली. अथेन्स ओथों द ला रोश या बर्गंडीच्या सरदाराकडे गेले. आणि ग्रीसच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पात, ज्याला त्या काळी ‘मोरिया’ म्हणत, शाँप्लीतचा गियोम आणि विलआर्दुअँचा जोफ्रुआ यांनी एक संस्थान उभारले. (मराठी कानाला ओळखीच्या वाटणाऱ्या या नावाचा गणपतीशी अर्थातच संबंध नाही.) राजधानीतील लॅटिन साम्राज्य १२६१ मध्येच संपले, तरी मोरियातील व अथेन्समधील अंमल पुढे पावणेदोन-दोन शतके टिकला आणि क्रीट बेट तर व्हेनिसकडे १६६९ पर्यंत राहिले. या सत्तेला ‘लॅटिन’ म्हणण्याचे कारण भाषिक नसून धार्मिक आहे : रोमच्या पोपला मानणारा, लॅटिनमधून उपासना करणारा पश्चिमी चर्च आणि ग्रीकमधून उपासना करणारा पूर्वेकडील सनातनी चर्च असे ख्रिस्ती धर्माचे दोन भाग तोवर पडले होते, आणि शासक एका भागाचे तर प्रजा दुसऱ्या भागाची अशी ही राज्ये होती.

पश्चिम युरोपातील हा धर्मयुद्धाचा संप्रदाय कोकणापर्यंत पोहोचायला वास्को द गामाची वाट पाहावी लागली नाही. १३२१ मध्ये, म्हणजे अथेन्स काटालान भाडोत्री सैनिकांच्या हाती पडून दहा वर्षे झाली असताना, तोलेंतिनोचा थॉमस हा पाद्री आणि त्याचे तीन सोबती ठाण्यात धार्मिक वादातून मारले गेले, आणि जोर्दानुस या दुसऱ्या पाद्र्याच्या पत्रांतून ही वार्ता युरोपात गेली. त्याच सुमारास पोर्तुगालमध्ये घडलेली एक घटना पुढील काळासाठी अधिक महत्त्वाची ठरली. ‘टेंपलर’ या नावाचा, मठवासी व्रत घेतलेल्या लढवय्यांचा संघ जेरुसलेमच्या रक्षणासाठी स्थापन झाला होता आणि मोरियातही त्याच्या जमिनी होत्या. पोपने १३१२ मध्ये हा संघ बरखास्त केला, तेव्हा पोर्तुगालचा राजा दिनीश याने त्याची मालमत्ता बाहेर जाऊ न देता १३१९ मध्ये पोपच्याच संमतीने ‘ख्रिस्तसंघ’ या नव्या नावाखाली ती एकत्र ठेवली. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सागरी मोहिमांना चालना देणारा राजपुत्र हेन्री या संघाचा प्रशासक होता, मोहिमांचा खर्च बऱ्याच अंशी संघाच्या उत्पन्नातून चाले, आणि पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवरील तांबडा क्रूस हे त्याच संघाचे चिन्ह होते. मिरीच्या व्यापारासाठी आलेली माणसे असे पोर्तुगीजांचे चित्र मराठी पाठ्यपुस्तकांत उमटलेले असते. ते खोटे नाही, पण त्या शिडावर काय रंगवले होते याचा विचार त्यात केलेला नसतो.

उत्तर कोकणात पोर्तुगीजांना मुलूख मिळाला तो लढाईने कमी आणि दुसऱ्याच्या अडचणीने अधिक. चौलला त्यांनी १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने किल्ला बांधायला घेतला होता. त्यानंतर तेरा वर्षांनी, हुमायूनच्या स्वारीचे सावट डोक्यावर असताना गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई, तिच्या अखत्यारीतील बेटे, मुंबई आणि साष्टी हा प्रदेश गव्हर्नर नुनो द कुन्य याला देऊन टाकला. १५५९ मध्ये दमण घेतले गेले, १५९४ मध्ये चौलसमोरचा कोर्लईचा डोंगर हाती आला, आणि मधल्या पट्ट्यातील माहीम, केळवे, तारापूर, डहाणू, अशेरी ही ठाणी धरून ‘उत्तरेचा प्रांत’ या नावाचा एक सलग मुलूख तयार झाला. गोव्याच्या दृष्टीने तो उत्तरेचा. नाशिकहून पाहणाऱ्यासाठी तो सह्याद्री उतरला की पश्चिमेला लागणारा, जव्हार-रामनगरच्या राजांनी घाटापासून वेगळा केलेला मुलूख होता, आणि घाटावरचा माल थळ घाटाने खाली उतरून ज्या खाड्यांना मिळे त्यांतील बऱ्याच खाड्यांवर दोन शतके फिरंग्यांचा पहारा होता.

या राज्याचा कणा समुद्र नव्हता, जमीन होती. येथे ग्रीसशी तुलना सर्वाधिक फलदायी ठरते. मोरिया जिंकल्यावर गियोम आणि जोफ्रुआ यांनी ती भूमी मोठ्या सरदारक्यांत वाटली. प्रत्येक सरदाराने ‘राजपुत्र’ म्हणवल्या जाणाऱ्या संस्थानाधिपतीशी निष्ठेची शपथ घ्यायची, ठरलेल्या संख्येने स्वार द्यायचे आणि त्या बदल्यात गावांचे उत्पन्न खायचे, अशी ही युरोपातील सरंजामी पद्धत होती. वाटणी करताना मात्र जुन्या ग्रीक जमीनदारांना सोबत घेण्यात आले, कारण कोणत्या गावाचा सारा किती आणि कोणत्या कुळाने कोणती वेठ करायची हे त्यांनाच ठाऊक होते. उत्तरेच्या प्रांतात याच रचनेची प्रतिकृती दिसते. गावे राजाच्या मालकीची समजली जात आणि ती ‘प्राझु’ म्हणजे बहुधा तीन पिढ्यांच्या मुदतीच्या पट्ट्याने ‘फिदाल्गु’ वर्गाला, म्हणजे कुलीन पोर्तुगीजांना दिली जात. पट्टेदाराने दरसाल ‘फोरु’ नावाचा ठरीव खंड भरायचा, घोडा व बंदूकधारी बाळगायचे आणि आपत्काळी किल्ल्यावर हजर व्हायचे. मुंबईत इंग्रजी अमलातही टिकून राहिलेला ‘फोरास’ हा जमीनधाऱ्याचा प्रकार आणि त्यावरून नाव पडलेला फोरास रोड ही याच खंडाची आठवण आहे. साक्षात मुंबई बेट सोळाव्या शतकाच्या मध्यास गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे अशाच पट्ट्याने होते, ज्याने हिंदुस्थानी औषधींवरचा आपला संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. तो धर्मांतरित ज्यू कुटुंबातला असल्यामुळे मृत्यूनंतर बारा वर्षांनी धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली, ही गोष्ट या राज्याच्या स्वभावाबद्दल बरेच सांगून जाते.

फिदाल्गु वर येऊन बसला तरी गाव मात्र फारसे हलले नाही. १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यु याने राज्याच्या उत्पन्नाची जी मोठी नोंदवही तयार केली, तीत आणि तिच्यासारख्या नंतरच्या दप्तरांत कसबा, परगणा, कुणबी, म्हात्रा हे शब्द पोर्तुगीज वर्णांत मोडूनतोडून येतात; भाताला ‘बाते’ म्हटलेले आहे आणि ते मुड्याच्या मापाने मोजलेले आहे. सारावसुलीची भाषा जिंकणाऱ्याला जिंकलेल्याकडून घ्यावी लागली, हे मोरियात घडले होते आणि साष्टीतही घडले. गोव्यातील गावकऱ्यांच्या चालीरीती नोंदवणारा १५२६ चा ‘फोराल’ हा कायदेलेख याच गरजेतून निघाला. या उसनवारीला उदारपणा समजण्याचे कारण नाही. ज्या कुणब्याच्या नावावर भाताचे मुडे लिहिले गेले, त्याला गाव सोडून जाण्याची मोकळीक नसे, आणि ग्रीक कूळही असेच जमिनीला बांधलेले होते.

दोन्हीकडच्या सरदारवर्गात स्त्रियांना मिळालेले स्थान हा या तुलनेतील एक अनपेक्षित धागा आहे. मोरियाच्या कायद्यात मुलीला सरदारकीचा वारसा मिळू शके. १२५९ च्या पेलागोनियाच्या लढाईत राजपुत्र व त्याचे अनेक सरदार कैद झाले, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अटींवर विचार करण्यासाठी निक्ली येथे भरलेल्या सभेत प्रामुख्याने त्यांच्या बायकाच होत्या. उत्तरेच्या प्रांतात लिस्बनहून पाठवलेल्या कुलीन पण अनाथ मुलींना, त्यांच्याशी लग्न करणाऱ्या पोर्तुगीजासाठी आंदण म्हणून, गावे लावून दिली जात, आणि अशा मार्गाने पट्टे स्त्रियांच्या नावावर येत. फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात देण्याचा दस्तऐवज झाला तो दोना इन्येस द मिरांदा या बेटाच्या मालकिणीच्या घरी. मुंबईचे हे हस्तांतर १६६१ च्या विवाहकरारातील आंदणामुळे घडले हे सर्वांना ठाऊक असते, पण ते बेट ज्या बाईचे होते तिचे नाव क्वचितच घेतले जाते.

वसई शहराचे वर्णन येथे थोडक्यात पुरे. तटबंदीच्या आत पोर्तुगीज कुलीनांची दगडी घरे, जेसुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांचे मठ, आणि तटाबाहेर कारागीर व कष्टकरी, अशी त्याची मांडणी होती. गोव्याखालोखाल डौलाचे शहर म्हणून ते ओळखले जाई आणि तेथील ‘उत्तरेचा जनरल’ हा साऱ्या प्रांताचा अधिकारी असे.

साम्य जेथे संपते ती जागा धर्माची आहे आणि तिच्याजवळ थांबणे भाग आहे. ग्रीसमधील लॅटिनांनी बिशपांच्या गाद्या बळकावल्या, अथेन्सच्या आक्रोपोलिसवरील पार्थेनॉन, जे तोवर ग्रीक ख्रिस्ती मंदिर झाले होते, ते लॅटिन प्रधानचर्च बनवले. पण गावोगावच्या ग्रीक पुरोहिताला त्यांनी बहुतांशी त्याच्या जागी राहू दिले, कारण तोही ख्रिस्तीच होता आणि वाद होता तो पोपच्या श्रेष्ठत्वाचा व प्रार्थनेच्या पद्धतीचा. शेवटी त्या सरदारांचे वंशज ग्रीक बोलू लागले. मोरियाच्या विजयाची पद्यबद्ध कथा चौदाव्या शतकात ग्रीक भाषेतच रचली गेली, आणि तीही फ्रँकांची बाजू घेऊन. वसईत मधली वाट नव्हती. मंडपेश्वराच्या शैव लेण्याच्या दर्शनी बाजूला भिंत घालून आत चर्च थाटले गेले, कान्हेरीच्या बौद्ध लेण्यातही क्रूस पोहोचला, हिंदूंच्या जाहीर पूजा-विधींवर बंधने आली, आणि १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा, म्हणजे ‘इन्क्विझिशन’चा, हात वसईपर्यंत येई. मालाडचे देसाई अंताजी रघुनाथ कावळे यांना या न्यायालयाने दिलेला त्रास, अंजूरच्या नाईकांची फिरंग्यांविरुद्ध पेशव्यांकडे चाललेली खटपट, हा मराठी इतिहासाचा परिचित भाग आहे आणि तो खराही आहे.

तरीही छळ हाच या धर्मेतिहासाचा सारा आशय मानला, तर वसईचे सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती, साष्टीतील कोळी व भंडारी ख्रिस्ती यांना त्यांच्याच इतिहासातून बाहेर काढल्यासारखे होते. धर्मांतराच्या मुळाशी जुलूम होता, जमिनीचा लोभ होता, दुष्काळात मिळालेले अन्न होते, आणि काही जागी श्रद्धाही होती. त्यांचे प्रमाण गावागणिक वेगळे होते. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मेला आणि भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत ठरला. गोव्यात इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. म्हणजे फ्रँकांची कथा ग्रीकमध्ये आली, तशी ख्रिस्ताची कथा मराठीत आली, फरक एवढाच की तिकडे विषय शासकांचा पराक्रम होता आणि इकडे त्यांचा धर्म.

या राज्याच्या सीमेवरून मराठी राजकारणाला एक शब्द मिळाला, ज्याची नोंद सहसा घेतली जात नाही. दमणच्या परिसरातील गावांना उपद्रव होऊ नये म्हणून पोर्तुगीज रामनगरच्या राजाला उत्पन्नाचा चौथा भाग देत, आणि हा ‘चौथ’ त्यांच्या कागदांत ‘शौतु’ म्हणून सापडतो. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतले, तेव्हा रामनगरचा उत्तराधिकारी या नात्याने शिवाजी महाराजांनी तोच हक्क पोर्तुगीजांकडे मागितला. पुढे अर्ध्या हिंदुस्थानात वसूल झालेल्या चौथाईच्या आरंभीच्या प्रकरणांत फिरंगाणाचे हे स्थान आहे.

शेवट सर्वश्रुत आहे. १७३७ मध्ये ठाणे व साष्टी मराठ्यांकडे गेली, १७३९ च्या प्रारंभी माहीम, केळवे, तारापूर पडले, आणि सुमारे तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर चिमाजी अप्पांनी वसई घेतली; तहाने शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडता आले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. मराठी लेखनाची अडचण अशी की ते याच बिंदूपाशी सुरू होते. य. न. केळकरांनी मोहिमेचा वृत्तांत मनापासून लिहिला, आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी तर गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवून पोर्तुगीज-मराठे संबंधांचे दालनच उघडले. पण मराठी वाचकाच्या मनात वसई म्हणजे सुरुंग, तटाला पडलेले खिंडार आणि विजय एवढेच उरले. दोनशे पाच वर्षे राज्य करणाऱ्या सत्तेचा इतिहास तिच्या अखेरच्या दोन वर्षांत संपवणे हा इतिहासाचा आळस आहे. ग्रीकांनीही बराच काळ हेच केले : फ्रँकांचा काळ हा बायझंटाईन वैभव आणि तुर्की अंमल यांच्यामधला परकी उपद्रव म्हणून ते सोडून देत, आणि त्यांच्या किल्ल्यांचा व कायद्यांचा गंभीर अभ्यास आधी बाहेरच्यांनीच केला. तेथे आता चित्र बदलले आहे.

वसईच्या फिरंगी राज्याचे अवशेष फार दूर शोधावे लागत नाहीत. पाव, चावी, पगार, लिलाव, तुरुंग, काडतूस, घमेले हे शब्द मराठी घराघरात आहेत; कोर्लईत पोर्तुगीजजन्य मिश्र बोली अजून बोलली जाते; आणि नाशिकात पंचवटीच्या बाजूला, गोदावरीच्या काठी, नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या प्राकारावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या विजयात चर्चच्या घंटा लूट म्हणून आल्या आणि त्या देवळांना दिल्या गेल्या, अशी परंपरा वाईजवळच्या मेणवलीची व भीमाशंकरची घंटा यांच्याप्रमाणे हिच्याविषयीही सांगितली जाते. गोदावरीच्या महापुराची खूण सांगताना नाशिककर दुतोंड्या मारुतीबरोबर या घंटेचे नाव घेतात, आणि देऊळ रामेश्वराचे असूनही बांधणाऱ्याच्या नावाने ओळखले जाते तसे त्याची घंटाही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्यावर १७२१ हे ख्रिस्ती वर्ष कोरलेले आहे.

वाचकांसाठी तारखांविषयी एक सूचना आवश्यक आहे. वसईच्या शरणागतीची तारीख पोर्तुगीज गणनेने १६ मे १७३९ अशी येते, तर मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत ती ५ मे दिसते. ही चूक नसून, पोपने १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग कॅथलिक पोर्तुगालने लगेच स्वीकारले आणि प्रॉटेस्टंट इंग्लंडने १७५२ पर्यंत नाकारले, त्यामुळे पडलेले हे अकरा दिवसांचे अंतर आहे. येथे सर्वत्र पोर्तुगीज गणना पाळली आहे.